पडद्यावरचा पट

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी शिवपार्वतींनी सारीपाट मांडला अशी कथा आहे, आणि उत्तर हिंदुस्थानात त्या कथेचा आधार घेऊन घरोघर पत्त्यांचे डाव पडतात व थोडीफार पैशाची देवघेवही होते. गेल्या दिवाळीत न्यायालयांना सुटी असल्यामुळे आम्ही ग्वाल्हेरीस आमच्या मावसभावाकडे उतरलो होतो. पाडव्याच्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जिन्याखाली गाठले आणि हलक्या आवाजात विचारले, "अरे, तू कायद्याचा पदवीधर. वर पोरगा फासे टाकतो आहे. हा जुगार आहे की नाही, तेवढे सांग."

हे घर लष्करातील दाल बाजारात आहे. खाली घाऊक व्यापाऱ्याची पेढी, तूर-हरभऱ्याच्या थप्प्या, आणि वर माडीवर आमचे भाऊ भाडेकरू. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे १८१० च्या सुमारास शहर झाले, त्याला लष्कर हे नाव राहिले, आणि त्या छावणीबरोबर आलेली मराठी घरे अजून तेथे आहेत. त्यापूर्वी महादजींच्या पदरी असलेले जिवबादादा केरकर तर पेडणे महालातल्या केरीचे. तेव्हा आमच्या वाचकांना हे शहर अगदीच परके वाटू नये. असो.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हाला कठीण गेले नाही. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या बाराव्या कलमाने केवळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. परंतु फासा आला की कौशल्याचा दावा लंगडा पडतो. म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूने चौकशी केली. पणाला काही लावतात काय? जिंकणारा काही घेऊन जातो काय? पुतण्या वरून म्हणाला, "काका, यात जिंकणारा कोणी नसतोच." प्रश्न मिटला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यातही पैसे लावून खेळावयाचे खेळ निराळे काढून त्यांना मनाई केली आहे. करमणुकीच्या खेळाला वर्गणी किंवा प्रवेशशुल्क द्यावे लागले, तरी ते पैजेच्या स्वरूपाचे नसेल तर त्याला बाध येत नाही. युधिष्ठिराने सभेत जे केले ते येथे कोणी करीत नाही, असे आम्ही भावास सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. "मग मध्यरात्रीपर्यंत करतात तरी काय?" असे ते म्हणाले.

हा प्रश्न कायद्याचा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जिना चढलो. पुढील मजकूर म्हणजे त्या रात्रीच्या प्रयोगाचे परीक्षण आहे, असेच वाचकांनी समजावे. नाटकाचे परीक्षण करताना आम्ही जी मोजपट्टी लावतो तीच येथेही लावली आहे.

खेळाचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. चार-पाच माणसे एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. मुले त्याला 'डी. एम.' म्हणतात, आम्ही सूत्रधारच म्हणू. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: तुम्ही खिंडीत आहात, अंधार पडला आहे, पुढे विहीर आहे. मग प्रत्येकजण आपले पात्र काय करते, काय बोलते, हे सांगतो. जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकावयाचा आणि पडेल तो कौल मानावयाचा. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत, आणि शेवट कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन लहान पुस्तिकांची एक पेटी काढली, तिच्या प्रथम हजार प्रती छापल्या, आणि तेथून हा प्रकार जगभर गेला.

त्याची वंशावळ मात्र जुनी आहे व ती फिरून आपल्याच दारी येते. आपले चतुरंग इराणमार्गे युरोपात गेले. ब्रुन्सविकच्या हेल्विग नावाच्या पंडिताने १७८० मध्ये त्या बुद्धिबळाच्या घरांवर टेकड्या, नद्या व तोफा मांडून त्याचा युद्धखेळ केला. पुढे प्रशियात राइस्वित्झ पितापुत्रांनी त्याला खऱ्या नकाशावर आणले. धाकट्या राइस्वित्झच्या १८२४ च्या खेळात एक पंच असे. दोन्ही पक्ष त्याला लेखी हुकूम देत, आणि समोरच्या पक्षाला रणांगणावर जेवढे खरोखर दिसू शकेल तेवढ्याच सोंगट्या तो नकाशावर ठेवीत असे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; तो पुढे आम्हाला लागणार आहे. अमेरिकन गृहस्थांनी सेनापती काढून टाकला, एकेका खेळाडूला एकेक माणूस दिला, आणि पंचाला कथेकरी केले.

आता पडद्याकडे वळू. हा खेळ मूळचा एका मेजाभोवती बसून खेळावयाचा. पण मित्र शिक्षणानंतर पांगतात. अशाच पांगलेल्या महाविद्यालयीन मित्रांनी आपला डाव मोडू नये म्हणून २०१२ मध्ये 'रोल ट्वेंटी' नावाचा आभासी पट तयार केला. त्याआधी २००४ पासून 'फँटसी ग्राउंड्स' होताच, आणि २०२० मध्ये 'फाउंड्री' आला. तिन्हींचे काम ढोबळपणे एकच. संगणकाच्या पडद्यावर घरे आखलेला नकाशा उमटतो, त्यावर पात्रांच्या सोंगट्या सरकतात, फासे यंत्रच टाकते, आणि बाजूच्या पट्टीत झालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होत जाते. आमच्या पुतण्याने फाउंड्री घेतला आहे. त्यात एकदाच पैसे मोजून प्रणाली विकत घ्यावयाची आणि पट स्वतःच्या संगणकावर मांडावयाचा. खेळगडी दुरून त्या संगणकात येऊन बसतात. म्हणजे त्या रात्री मडगावचा, पुण्याचा आणि टोरांटोची अशी तीन माणसे, आपापल्या घरी असूनही, दाल बाजारात डाळीच्या थप्प्यांवर मांडलेल्या एका पटाशी बसली होती. ही कल्पना आम्हाला यंत्राच्या सर्व करामतींहून अधिक मोहक वाटली.

मंडळींचा परिचय करून देतो. टोरांटोची आमची पुतणी. तिच्याकडे दुपारचे बारा वाजले होते आणि ती जेवता जेवता खेळत होती. मडगावचा तरुण, कुटुंब कुलदेवतेच्या दर्शनाला गेले असता अग्रशाळेत ओळख झालेला. तो रंगात आला की कोकणीत बोलतो. चौथा खालच्या पेढीच्या मालकांचा मुलगा, पुतण्याच्या शेजारीच चटईवर बसलेला, हिंदीभाषी. आणि पुण्याचा तरुण, ज्याला लहानपणापासून ऐकू फार कमी येते. त्याच्यासाठी बाकीचे जण बोलतात ते थोडक्यात पट्टीत लिहितातही, आणि तो लिहूनच उत्तर देतो. हे सर्व इतक्या सवयीने चालले होते की आमच्या ते बराच वेळ लक्षातही आले नाही.

पुतण्याने आख्यान स्वतः रचले होते. मुरैना जिल्ह्यातील बटेश्वरची देवळे पुष्कळांनी पाहिली असतील: प्रतिहारकालीन सुमारे दोनशे लहान देवळांचा समूह, शतकानुशतके ढिगारा होऊन पडलेला. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून दगडाला दगड जुळवून त्यांतली अनेक पुन्हा उभी केली. पुतण्याच्या कथेत चौघे प्रवासी चंबळच्या बेहडांतून अशाच एका पडक्या देवळाशी येतात आणि तेथे एक दगडी दार बंद असते. नकाशा त्याने फार मेहनतीने काढला होता. कोरीव खांब, उतरंडीवरची बाभूळ, विहिरीचा काठ, सर्व काही होते.

आणि तेथेच प्रयोग प्रथम फसला. विहिरीत काही हिंस्र दडले होते. ते लपवून ठेवण्याची कळ दाबावयास सूत्रधार विसरला, आणि प्रवासी विहिरीपासून पन्नास हात दूर असतानाच ते जनावर दात विचकून सर्वांच्या पडद्यावर उभे राहिले. टोरांटोहून हशा पिकला. चूक यंत्राची नव्हे, चालवणाऱ्याची. पण तोंडी सांगणाऱ्या कथेकऱ्याच्या हातून अशी चूक होऊच शकत नाही, कारण जे उच्चारले नाही ते कोणाला दिसत नाही. पुढे तरसांच्या कळपाशी झुंज झाली, ती तर आम्हाला फारच कंटाळवाणी वाटली. मघापर्यंत गप्पा मारणारी मुले एकाएकी हिशेबनीस बनली. किती घरे सरकू, किती अंतर, किती बेरीज! तासभरात कोणाच्याही पात्राने एक वाक्य उच्चारले नाही. पेढीवरच्या मुनीमजींनी तोच तास याहून अधिक रसाळपणे घालविला असता.

येथे आम्हाला दशावतार आठवल्यावाचून राहिला नाही. आमचे आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूचे. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर देवळासमोर चालत. आजही चालतात. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात नट तोंडे रंगवीत असतानाच मंडळीचा प्रमुख त्या रात्रीचे आख्यान थोडक्यात सांगतो, कोणी कोठे यावयाचे, कोणी कोठे जावयाचे, आणि मग नट रंगस्थळी जाऊन आपली भाषणे तेथल्या तेथे रचतात. नेपथ्य म्हणाल तर एक बाक. राजा बसला की ते सिंहासन. राजा उठला आणि दुसरा कोणी त्यावर निजला की ती शेज किंवा स्मशानातली शिळा. पायपेटी, मृदंग व झांज एवढ्या साधनांवर वन, नगर, समुद्र आणि कैलास उभे राहतात. ते उभे राहतात कारण नट ते बोलतो, आणि समोरचा नट त्याचे बोलणे खरे मानून त्याला जबाब देतो. 'हे राक्षसाधमा' म्हणून एकाने आरंभ केला आणि दुसऱ्याला वेळेवर उत्तर सुचले नाही, तर गावातले पोरसुद्धा सकाळी त्याची टर उडवी. त्या भीतीनेच भाषणे धारदार होत.

पुतण्याच्या खेळात आणि दशावतारात आम्हाला मूलतः काही भेद दिसत नाही. दोन्हींत आख्यान ठरलेले आणि वाणी उत्स्फूर्त; दोन्हींत ऐकणाऱ्याची श्रद्धा हेच नेपथ्य. म्हणून पडद्यावरच्या देवळाचा हरएक खांब जेव्हा काढून दाखविला जातो, तेव्हा त्या खांबाविषयी बोलण्याचे काम संपते. दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन कोण करील? ज्या शहरात तानसेन समारोहाचा आरंभ ढोलीबुवांच्या हरिकथेने करण्याचा प्रघात आहे, त्या शहरातल्या मुलाला हे आम्ही सांगावयास नको होते. तरी आम्ही सांगितले. तो म्हणाला, "काका, पुढचे बघा तरी."

पुढचे पाहिले, आणि आमचे मत अर्धे फिरले. या पटात अशी सोय आहे की प्रत्येक सोंगटीला तिच्या जागेवरून जेवढे दिसेल तेवढेच त्या खेळाडूच्या पडद्यावर उजळते. बाकीचे काळोखात राहते. राइस्वित्झचा पंच हाताने जे करी ते आता यंत्र करते. मडगावच्या तरुणाची सोंगटी ढिगाऱ्यावर चढली. त्याला पलीकडे एक दिवा दिसला. तो दिवा इतर तिघांना दिसत नव्हता. क्षणभर तो गप्प राहिला, आणि मग बोलू लागला: दिवा कसा आहे, ज्योत का हलत नाही, वारा असूनही का हलत नाही. टोरांटोने शंका काढली, "तू खोटे तर बोलत नाहीस ना?" त्याने रागावून कोकणीत शपथ घेतली. पेढीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "मैं तो नहीं मानता," आणि पुण्याच्या तरुणाने लिहिले की ज्योत हलत नसेल तर ती ज्योत नव्हे, ते धातूवर पडलेले चांदणे असेल. पाऊण तास त्या एका दिव्यावर गेला आणि एकही फासा पडला नाही. दशावतारातल्या उत्तम संवादाहून तो आम्हाला तसूभरही कमी वाटला नाही.

तेव्हा आमचा आक्षेप चित्राला नाही, हे आम्हालाच उमगले. सर्वांना सारखे दाखविलेले चित्र सर्वांना मुके करते. एकालाच दाखविलेले चित्र त्याला बोलावयास लावते. प्रणाली विकणारे मात्र पहिल्याच प्रकारची जाहिरात करतात, धूर, ज्वाला आणि विजांची. आणि ज्या गुणामुळे त्यांचा पट खरोखर मोलाचा आहे तो सोयींच्या यादीत कोठेतरी खाली पडलेला असतो.

फाशांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. यंत्राने टाकलेल्या फाशावर विश्वास ठेवावा की नाही, ही शंका आमच्या भावाने मागाहून काढली. नलाख्यानात ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेनेच मोजून सांगतो. नल उतरून ती मोजतो तेव्हा आकडा जुळतो, आणि मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो. विश्वास बसला तो मोजून पाहिल्यावर. दूर बसलेल्याला आपला हात दिसत नाही. म्हणून त्याच्यापुढे हाताने फासा टाकून आकडा सांगण्यापेक्षा यंत्राने सर्वांसमक्ष टाकावा आणि पट्टीत नोंदवावा, हेच योग्य. न्यायालयाच्या रोजनाम्याप्रमाणे ती नोंद मागे जाऊन कोणालाही वाचता येते. हिशेब, अंतर, नोंद ही कारकुनी यंत्राने खुशाल करावी.

पण दाखवावे किती, ही मर्यादा कोणी ठरवावयाची? या प्रश्नावर २०२३ च्या जानेवारीत एक मोठे प्रकरण झाले, आणि आमच्या व्यवसायामुळे त्याचा आम्हाला विशेष रस आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे हक्क सध्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे आहेत. २००० सालापासून एका खुल्या परवान्याखाली तिने मूळ नियमांचा बराच भाग इतरांना वापरू दिला होता, आणि त्यावर शेकडो लहान प्रकाशकांचा संसार चालला होता. तो परवाना बदलण्याचा तिचा मसुदा फुटला व खेळाडूंत मोठा क्षोभ झाला. त्यानंतर तिने जो दुसरा मसुदा पुढे केला त्याला आभासी पटांविषयीचे धोरणही जोडलेले होते. त्यातला तर्क असा, की मेजावर बसून जे होते त्याची नक्कल पटाने केली तर हरकत नाही. पण मंत्राचा बाण पटावरून सळसळत जाऊन शत्रूला लागतो असे हलते चित्र कल्पनेच्या जागी दाखविले, तर तो मेजावरचा अनुभव राहत नाही आणि त्याला ही परवानगी नाही.

रसिक या नात्याने आम्ही म्हणू की यातले निदान अगदी बरोबर आहे. आम्ही वर तेच लिहिले. वकील या नात्याने मात्र आम्हाला ते वाचून धक्का बसला. कल्पना कोठे संपते आणि चित्र कोठे सुरू होते, हा रसविचाराचा प्रश्न आहे. तो परवान्याच्या शर्तीत घातला, की उद्या एखाद्या मुलाने आपल्या पटावर समई तेवती ठेवली तर करारभंग झाला काय, याचा निवाडा करण्यास कोणीतरी बसणार, आणि तो बसणारा दशावताराच्या जत्रेत वाढलेला नसणार. शिवाय ती कंपनी स्वतः त्रिमितीय पट बनवीत होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. इतरांना जे वर्ज्य ते स्वतःला ग्राह्य, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी लावला आणि त्यांना आम्ही दोष देणार नाही. अखेर त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम ठेवला, आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, फक्त श्रेय देण्याच्या अटीवर, सर्वांना खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. दाल बाजारातला मुलगा आज त्या नियमांवर आपले बटेश्वर रचतो, मराठीत रचतो, त्याला कोणाची भीती नाही, याचे कारण ते. कंपनीचा तो त्रिमितीय पट 'सिजिल' या नावाने २०२५ च्या आरंभी बाहेर आला आणि काही आठवड्यांतच त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना कमी करण्यात आले. दुसऱ्याच्या अपयशावर आनंद मानणे आम्हाला शोभत नाही. पण त्या पटावर सर्व काही दिसत होते एवढे नमूद करतो.

भाषेविषयी एक तक्रार आहे. पुतण्याच्या पटावर पात्रांचे गुण, शस्त्रे, मंत्र यांची नावे इंग्रजीत आहेत, आणि त्यामुळे मुले बोलताना मराठी वाक्यात इंग्रजी नामे ओवतात. शक्ती, चपळाई, चातुर्य हे शब्द काही आपल्याकडे नाहीत असे नाही. गंमत अशी की मंत्राचे इंग्रजी नाव उच्चारले की मुले फासा टाकतात, आणि तोच मंत्र मडगावकराने कोकणीत आळविला की सगळी शांत होऊन ऐकतात. दोन-चार रात्री बसून त्या नावांचे भाषांतर करावे, एवढी सूचना आम्ही करून ठेवली आहे. पुतण्या 'बघतो' म्हणाला. या वयात 'बघतो'चा अर्थ काय होतो ते आम्हास ठाऊक आहे.

साडेअकराच्या सुमारास प्रवासी दगडी दाराशी पोचले आणि त्याच वेळी बाजारातली वीज गेली. दिवाळीच्या रोषणाईने उजळलेली गल्ली एका क्षणात काळी झाली. संगणकाची बॅटरी दहा मिनिटे पुरली, मग पडदा विझला, आणि दाल बाजारातला पट विझताच मडगाव, पुणे आणि टोरांटो येथलाही विझला. मुलांनी लगेच फोन जोडले. पुतण्याने पणती मधे ओढून घेतली आणि काळोखात नुसत्या आवाजाने आख्यान पुढे नेले.

आम्ही कबूल करतो की आम्हाला अत्यानंद झाला. आमचा सिद्धान्त आमच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होता. पुतण्याचा स्वर खाली आला, दाराच्या दगडाला हात लावल्यावर तो उन्हाने तापलेल्या दगडासारखा ऊन लागतो असे तो म्हणाला, आणि मडगावहून कुजबुजत प्रश्न आला, "दारा फाटल्यान कोण आसा?" आमच्या अंगावर काटा उभा राहिला. खांब नाही, बाभूळ नाही, घरे नाहीत. बाकाचे सिंहासन झाले होते. पाव तास हे चालले, आणि आम्ही मनातल्या मनात या परीक्षणाचा समारोपही रचून टाकला.

मग पेढीवाल्यांच्या मुलाने वेळ पाहण्यासाठी फोन उचलला आणि तो एकदम म्हणाला, "अरे, रुको." फोनवर पुण्याचे तीन संदेश येऊन पडले होते. पहिला: "पट गेला. तुम्ही आहात का?" दुसरा: "आता कोण बोलते आहे?" तिसऱ्यात नुसते प्रश्नचिन्ह होते.

कोणी काही बोलेना. आम्हीही नाही. त्या पाव तासात ज्या वाणीची आम्ही मनोमन आरती करीत होतो, तिने पाचांतल्या एकाला पंगतीतून उठविले होते, आणि पानावरून कोण उठला हे वाढप्यालाही कळले नव्हते. मघाशी आम्ही ज्या पट्टीला रोजनामा म्हणालो, ती त्याचे कान होती. बाकाची आठवण काढताना आम्ही हेही विसरलो की जत्रेत आमच्या शेजारी बसणारे एक बहिरे आजोबा रात्रभर नटांच्या हातांकडे आणि ओठांकडे पाहत. रंगस्थळ उजळलेले असे म्हणून त्यांना नाटक होते.

टोरांटोची मुलगी म्हणाली, "फोनवर लिहीत जाऊ की." पुतण्याने नकार दिला. "लिहू आपण, पण दोन वाक्यांनंतर पुन्हा विसरू. आत्ताच विसरलो. वीज येऊ दे." त्याने पुण्याला तसे कळविले, आपली चूक झाली असेही लिहिले, आणि सर्वजण थांबले. अर्धा तास कोणी आख्यानाचा शब्दही काढला नाही. टोरांटोने तिकडच्या पानगळीची हकीकत सांगितली. आमच्या वहिनींनी पणतीच्या उजेडात चकल्या आणून ठेवल्या.

वीज आली तेव्हा साडेबारा झाले होते. पट पुन्हा मांडला गेला, सोंगट्या आपापल्या जागी दिसू लागल्या. पुतण्याने या वेळी एक गोष्ट केली. दारापलीकडचा काढून ठेवलेला सगळा भाग त्याने पुसून टाकला. तेथे काळे राहिले. आणि पाळी पुण्याच्या तरुणाला दिली.

त्याने बराच वेळ काही लिहिले नाही. मग पट्टीत ओळ उमटली: "मी दार ठोठावीत नाही. दोन्ही तळहात दगडावर टेकवून उभा राहतो. आत कोणी चालत असेल तर दगडाला कळेल."

दारावर कान लावावा असेच बाकीच्या तिघांना सुचले असते. पुतण्या हसला नाही, फासाही टाकावयास सांगितला नाही. त्याने उत्तर लिहिले, पण अशा रीतीने की ते फक्त पुण्याच्या पडद्यावर दिसावे. तशी सोयही या पटात आहे. आम्ही वाकून पाहिले तर त्याने हाताने पडदा झाकला. मडगावहून विचारणा झाली. पेढीवाल्यांचा मुलगा "बता, बता" म्हणू लागला. पुण्याचा तरुण लिहितो आहे अशी खूण पट्टीत दिसत होती, मिटत होती, पुन्हा दिसत होती. घाई करावयाचे त्याच्या मनात नव्हते.

आम्हाला पहाटेची गाडी गाठावयाची होती, म्हणून आम्ही उठलो. जिन्याच्या मधल्या पायरीवर आमचे भाऊ भिंतीला टेकून बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. आम्हाला वाट देण्यासाठी ते उठले आणि म्हणाले, "आत कोण होते रे?"

"ते पुण्याच्या मुलालाच ठाऊक," आम्ही म्हणालो. ते पुन्हा खाली बसले.